दुसऱ्या पायातला वाळा

पवनेच्या धरणाचं काम चालू होतं तेव्हाची गोष्ट. माझं पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी, बेगडेवाडीला झालं. मुलगा झाला म्हणून पेढे वाटायला निघालेल्या माझ्या आईला नर्सबाईंनी उंबऱ्यातच थांबवलं आणि बाळाचं डावं पाऊल दाखवलं. ते आत वळलेलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, घाबरू नका, हाडं कोवळी आहेत तोवर पुण्याला दवाखान्यात न्या, प्लास्टर घालून हळूहळू सरळ करतात. उशीर केलात तर पोरगं जन्मभर लंगडेल.

आईनं ऐकलं फक्त शेवटचं. तिच्या डोळ्यांपुढे पाय नव्हताच, माझी सासू होती. तिकोणा पेठेतली माझी सासू म्हणजे जिभेला हाड नसलेली बाई. 'सुनेनं ग्रहणात विळी हातात घेतली असणार,' असं ती चारचौघांत म्हणेल आणि मला कायमची माहेरी बसवेल, याची आईला खात्री. म्हणून तिनं ठरवलं, बारशापर्यंत पाय झाकायचा. प्लास्टर काही दुपट्यात लपायचं नाही, तेव्हा तेही बारशानंतरच.

बारसं तोंडावर आलं होतं, म्हणून मीही गप्प बसले. तर तिकडून निरोप आला, भातलावणी उरकल्याशिवाय निघता येत नाही. मावळात लावणीपुढे नातवाचं काय चालणार! नर्सबाई दर फेरीला संतापायच्या, आई त्यांना चहा पाजायची. मला मात्र रडू यायचं. न्हाऊ घालताना तो पाय हातात घेतला की दिवसेंदिवस ताठर होतोय असं वाटायचं, आणि आईचा भयंकर राग यायचा.

अखेर लावणी उरकून सासूबाई आल्या, चांदीचे वाळे घेऊन. पाळण्यात घालण्याआधी त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. आईनं लगबगीनं उजवा पाय दुपट्याबाहेर काढून दिला. वाळा बसला. सासूबाईंनी दुसरा पाय मागितला. आई म्हणाली, लेकरू निजलंय, मागाहून घाला. लेकरू टक्क जागं होतं आणि आजीचा पदर ओढत होतं.

"एकाच पायात वाळा घालत्यात व्हय, विहीणबाई?" म्हणत सासूबाईंनी दुपटं सोडलंच.

बारशाला जमलेल्या बायका माना उंचावून बघू लागल्या. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सासूबाई पावलावरून अंगठा फिरवत राहिल्या आणि त्यांनी आईला विचारलं, कधीपासून झाकलाय? आईनं सगळं सांगून टाकलं, नर्सबाईंच्या बोलण्यासकट.

"माझा भाऊबी आईनं असाच झाकला व्हता," सासूबाई म्हणाल्या. "चालाया लागला तवा गावाला दिसला. उद्याच्या गाडीनं जायाचं. मी येते."

ग्रहण नाही, विळी नाही. त्या घटकेला मला सासू आईपेक्षा जवळची वाटली, हे मी आईला कधी सांगितलं नाही.

डॉक्टर उशिराबद्दल बोललेच. सासूबाईंनी ते मान खाली घालून ऐकलं आणि बाहेर आल्यावर डॉक्टरच्या माघारी त्याला चार शब्द ऐकवले. मग दर आठवड्याला पुण्याची वारी, नवं प्लास्टर. पोरगं झोपेत त्या जड पायानं माझ्या बरगड्या शेकून काढायचं. गाडीत सासूबाई शेजारणीला प्लास्टर कौतुकानं दाखवायच्या आणि तिच्या कुशीत तान्हं असलं तर त्याचेही पाय उघडून बघायच्या. काहीजणी चिडायच्या, पण बघू द्यायच्या.

पोरगं पेठेच्या अंगणात पळायला लागलं, तेव्हा सासूबाईंचा तो भाऊ काठी टेकत मुद्दाम बघायला आला. ओट्यावर बसून त्यानं ते डावं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. त्याचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं.

"पळ," तो म्हणाला. "माझ्या वाटचंबी पळ."

पोरानं ते फारच मनावर घेतलं. संध्याकाळपर्यंत अंगणात एक कोंबडी टेकली नाही.