पेटंटचा खिळा

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही आजार सरळपणे बरा होऊ दिला नाही. स्वतःचा नाही, घरच्यांचा नाही, गावातल्या माणसांचा नाही आणि जनावरांचा तर नाहीच नाही. कुणी नुसतं शिंकलं तरी त्यांचे डोळे चमकायचे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. परभणीजवळ पेडगावात त्यांची काळी कसदार जमीन, चार बैल, दोन म्हशी आणि गोठ्याला लागून एक पत्र्याची खोली. या खोलीला ते 'लॅबोरेटरी' म्हणत आणि आक्का 'तुमचं मसणवटं' म्हणे. कॉलेजात दोन वर्षं सायन्स शिकून ते घरी परतले होते. का परतलात असं विचारलं की सांगत, "आमचं आन् त्यांचं जमलं न्हाई. तिथं समदे पुस्तकात लिहिलेलंच करून बघायचे. आरं, लिहून ठेवलंय तर पुन्हा करायचं कशाला?"

त्यांच्या शोधांचा पहिला मार खाल्ला तो मी. आक्काच्या लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला मी तिच्याकडे गेलो आणि नेमका खोकत गेलो. दाजींनी अडुळसा, गूळ, सुंठ असं काय काय आटवून एक काळा पाक केला आणि चमचाभर माझ्या तोंडात सोडला. माझे दात एकमेकांना असे चिकटले की चमचा आतच राहिला. तासभर मी चमच्यासकट ओट्यावर बसून होतो आणि दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं दाखवत होते, "बघा, खोकला बंद!" पुढे हिवतापाच्या गोळ्या कडू लागतात म्हणून त्यांनी दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या गुळाच्या पाकात घोळवून उन्हात वाळत घातल्या. संध्याकाळी बघतात तर ताट रिकामं आणि भिंतीवरून मुंग्यांची ओळ चाललेली. आक्कानं कपाळावर हात मारला. दाजी शांतपणे म्हणाले, "एवढं एक बरं झालं. आता ह्या घरातल्या मुंग्यांना ताप यायचा न्हाई." डास पळवायला त्यांनी कडुनिंब आणि वाळल्या मिरच्यांची धुरी केली तेव्हा डास होते तिथंच राहिले आणि घरदार मात्र चार दिवस मारुतीच्या देवळात मुक्कामाला गेलं. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात, त्याचा कारखाना काढला होता या माणसानं.

पेटंटचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते भज्यांच्या कागदातून. जिंतूरच्या बाजारात भजी खाता खाता त्यांनी तेलकट कागदावरची बातमी वाचली, की अमेरिकेत कुणीतरी सांडलेलं तेल खाणारा जंतू तयार केला आणि त्या जंतूचं पेटंटसुद्धा घेतलं. दाजी भजी तशीच टाकून घरी आले. "जंतूवर मालकी! मग आमच्या विरजणानं काय घोडं मारलंय?" झालं, दुसऱ्या दिवसापासून लॅबोरेटरीत विरजणाच्या वाट्या मांडल्या गेल्या. एक तासात दही लावणारे जंतू, थंडीत न रुसणारे जंतू, ताक आंबट होऊ न देणारे जंतू. महिनाभर ते त्या वाट्यांना लेकरांसारखं जपत होते. एक दिवस ते शेतावर गेलेले, घरी पाव्हणे आले, आणि आक्कानं सगळ्या वाट्या एकत्र करून कढी केली. मी होतो त्या पंक्तीला. कढी झकास झाली होती. दाजींनी ती दोनदा मागून घेतली, मग त्यांच्या लक्षात आलं, आणि मग ते जे पानावरून उठले ते तीन दिवस आक्काशी बोलले नाहीत.

पण त्या भज्यांच्या दिवशी त्यांनी आणखी एक काम केलं होतं. बैठकीच्या खोलीत त्यांच्या वडिलांचा फोटो होता, फेट्यातला, करड्या नजरेचा. त्याच्या शेजारी दाजींनी एक भलामोठा खिळा ठोकला. आक्का म्हणाली, "कुणाचा फोटो लावायलात?" दाजी म्हणाले, "फोटो न्हाई, सर्टिफिकिट. पेटंटचं." तेव्हापासून तो खिळा तसाच रिकामा. आक्कानं त्यावर कॅलेंडर अडकवून पाहिलं, चाळणी अडकवून पाहिली. दाजी गोठ्यातून ओरडत यायचे. एकदा मी एस.टी.तून दमून आलो आणि सवयीनं माझी पिशवी त्याला लटकवली. "काढा ती पिशवी!" दाजी गरजले, "पेटंटची जागा हाय ती!" मी पिशवी मांडीवर घेऊन चहा प्यालो. आक्का आतून पुटपुटली, "खिळ्याला कवटाळून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघायले, बाई."

आता गंमत अशी, की आयुष्यभर नेम चुकणाऱ्या माणसाचाही एखादा दगड आंब्याला लागतोच. दाजींचं बैलाच्या खांद्याचं मलम खरोखरच गुणाचं निघालं. जू घासून बैलाचा खांदा सुजतो, चिघळतो, तेव्हा आमच्याकडे हळद आणि लोणी लावायची जुनी रीत आहे. दाजींनी कडुनिंबाचा पाला करडईच्या तेलात मंद आचेवर कढवला, त्यात मेण विरघळवलं, आणि हळद घातली ती भांडं चुलीवरून खाली उतरवून, बोट बुडवता येईल इतकं निवल्यावर. बाकीचे हळद चुलीवरच घालून जाळतात, असं त्यांचं म्हणणं. ते मलम खांद्याला धरून राहायचं, माशी बसू द्यायचं नाही, आणि पेडगावच्या बैलांचे खांदे खरंच बरे व्हायला लागले. सगळ्यांत जास्त आश्चर्य आक्काला वाटलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांचे खांदे मळायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." दाजींनी गावच्या पारावर चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्या गावादेखत मलम केलं. तेव्हा नामांतराचं वातावरण तापलेलं. विद्यापीठाच्या नावावरून गावागावांत माणसं एकमेकांचं तोंड बघेनात. पारावर पहिला मान कुणाच्या बैलाचा यावरून कुरबुर सुरू झाली, दलित वस्तीतल्यांचे बैल लांबच थांबले. दाजी पळी घेऊन उठले, वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बैलाला स्वतः दाव्यानं धरून पुढे आणलं आणि त्याच्यापासून सुरुवात केली. म्हणाले, "जू समद्यांच्या खांद्यावर सारखंच घासतं. ज्याला लाज वाटायली त्यानं आपला बैल घरी न्यावा." दोघंतिघं खरंच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं मलम मागायला आले, ती गोष्ट वेगळी. दाजींनी त्यांनाही दिलं, आणि वर भरपूर ऐकवलं.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघं पेटंटसाठी औरंगाबादच्या एका वकिलाकडे गेलो. वाटेत बंदोबस्त होता, पोलिसानं दाजींच्या मांडीवरची बरणी उघडायला लावली. "काय आहे यात?" "शोध हाय," दाजी म्हणाले. पोलिसानं वास घेतला आणि गाडी लगेच सोडून दिली. वकील समजूतदार होते. म्हणाले, "आपल्याकडे औषधाचं पेटंट मिळत नाही, ते तयार करायच्या पद्धतीचं मिळतं." दाजी खुर्चीतून उठलेच. "पद्धतच तर हाय आमची! हळद खाली उतरवून!" वकील म्हणाले, "छान. ही पद्धत आजवर कुणाला दाखवली नाही ना?" दाजी म्हणाले, "दाखवली न्हाई म्हंजे? भर पारावर केलं. लपून करायला मी काय हातभट्टी लावतो का?"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. जी गोष्ट चारचौघांत उघड झाली ती कायद्यानं नवी राहत नाही, आणि जी नवी नाही तिचं पेटंट होत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मग जरा पुढे झुकून म्हणाले, "पण पाहिलं कुणी? गावकऱ्यांनी आणि बैलांनी. अर्जात लिहून टाकू, गुप्त होती म्हणून." दाजींनी बरणी उचलली. परत येताना परभणी येईपर्यंत त्यांनी एस.टी.तल्या एकाही माणसाला काय दुखतं म्हणून विचारलं नाही. तेव्हाच मी घाबरलो.

पुढच्या आषाढात औषधांच्या एका कंपनीचा साहेब जीप घेऊन पेडगावात आला. वकिलांकडून त्याला कळलं होतं. साहेब गोड बोलायचा. अर्ज कंपनी करील, शोधक म्हणून नाव दाजींचं, डबीवर फोटोही दाजींचा, आणि सर्टिफिकिटाची प्रत फ्रेम करून घरपोच. अट एवढीच, की पारावरचं मलम बंद, आणि कुणी विचारलं तर गावानं म्हणायचं, आम्ही काही पाहिलं नाही. साहेबानं खिळ्याकडे बघून विचारलंसुद्धा, "हीच का ती जागा?" दाजी म्हणाले, "खांदेमळणीला या. सांगतो."

त्यानंतर महिनाभर दाजींनी लॅबोरेटरी उघडली नाही. शेजारची म्हातारी ओट्यावर बसून खोकून खोकून बेजार झाली, तरी ते उठले नाहीत. आक्कानं मला निरोप धाडला, "तुझ्या दाजीचं काय तरी बिनसलंय, लवकर ये." मी खांदेमळणीच्या दिवशी दुपारी पोचलो. दाजी वडिलांच्या फोटोकडे बघत खिळ्यासमोर बसलेले. मला म्हणाले, "पावणं, म्हातारा जाताना मला म्हणला होता, एक तरी काम तडीला नेऊन दाखव. मला पैसा नको, फोटो नको. तो एक कागद त्याच्या शेजारी लावून म्हणायचं होतं, बघ म्हाताऱ्या, नेलं." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता मी. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, "मग करा की दाजी सही. कोण बघायलंय?"

तेवढ्यात दारात घुंगरं वाजली. वस्तीतला तोच म्हातारा बैल घेऊन त्याचा मालक उभा. "दादा, येळ झाली. चूल पेटवायची न्हवं?" आणि त्या बैलानं मान खाली घालून, गेल्या वर्षी केला होता तसा, खांदा पुढे केला. दाजी उठले, त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. मग एकदम माझ्यावर ओरडले, "ह्याला काय सांगू, पावणं? कंपनीला इचारून सांगतो म्हणू?" मला हायसं वाटलं. आमचे दाजी परत आले होते.

मग काय विचारता! देवळाचा भोंगा पारावर आला. दाजींनी गेरू कालवून चावडीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत सगळी कृती लिहिली, पाल्यापासून हळदीपर्यंत, आणि भोंग्यावरून वाचूनही दाखवली. म्हातारे कळवळून सांगत होते, "आरं, झाडपाल्याचं नाव घेतलं की गुण जातो!" दाजी भोंग्यातूनच ओरडले, "नाव घेतल्यानं जात असंल तर जाऊ द्या! मग तो गुण नव्हताच!" पाहुणे आलेले पालमचे, जिंतूरचे सोयरे, सगळ्यांना त्यांनी पळी हातात देऊन ढवळायला लावलं. त्या गर्दीत साहेबाची जीप येऊन उभी राहिली. दाजींनी त्याला लांबूनच ओळखलं. "या साहेब, या! आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!" बैलाला द्यायचं आमंत्रण साहेबाला मिळालेलं बघून अख्खा पार लोळून हसला.

साहेब जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, आता ह्याचं पेटंट कुणालाच घेता येणार नाही. एवढा मोठा शोध हातचा घालवलात." दाजींनी पारावरच्या माणसांकडे बोट केलं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. "हातचा कुठं गेला? एवढ्या हातांत हाय की." साहेब भला माणूस असावा, जाताना त्यानं एक डबी मलम मागून नेलं.

त्या पोळ्यानंतरच्या हिवाळ्यात विद्यापीठाचं नामांतर झालं. दाजींनी गावात पेढे वाटले, आणि आनंदानं कुणाला अपचन होऊ नये म्हणून त्यात ओवा घातला. काही घरांनी ते पेढे घेतले नाहीत; नामांतरामुळे की ओव्यामुळे, हे अजून कळलेलं नाही.

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ते फार भांडले नाहीत, डॉक्टर देतील ती गोळी मुकाट घेत होते, आणि तेच मला सोसवत नव्हतं. परवा खांदेमळणीला पेडगावला गेलो. चावडीच्या भिंतीवरचा गेरू कधीच धुऊन गेला आहे, बैलही थोडेच उरलेत. पण ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या दारात पातेली खाली उतरवलेली होती आणि बायामाणसं तेल निवायची वाट बघत होती. घरात शिरलो. फेट्यातल्या म्हाताऱ्याच्या एका अंगाला दाजींचा फोटो लावलेला होता, नव्या खिळ्यावर. दुसऱ्या अंगाचा जुना खिळा तसाच रिकामा. मी दमलो होतो, सवयीनं पिशवी त्याला अडकवली आणि खाली बसलो.

"काढ ती पिशवी!" आक्का चुलीपासून ओरडत आली. हात पिवळे, डोळे लाल. "दिसत न्हाई का तुला? तुझ्या दाजीचं पेटंट हाय तिथं."

मी उठून पिशवी काढली आणि मांडीवर घेऊन बसलो.