रायफलीचा धक्का आणि एकोणतिसाचा पाढा

डब्लिनच्या सिटीवेस्टमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या शेजाऱ्यांइतका शूर शाकाहारी माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही. मूळचे नागपूरचे. आठवडाभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत बसणारे हे गृहस्थ रविवारी सकाळी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन विकलोच्या डोंगराकडे निघत आणि तिथल्या नेमबाजीच्या क्लबात हरणाच्या शिकारीची भलीथोरली रायफल कागदी निशाणावर चालवत. "हरणानं माझं काय केलंय, भाऊ?" असं ते मलाच विचारत. त्यांचं भांडण होतं ते गोळी सुटताना खांद्यावर बसणाऱ्या रायफलीच्या धक्क्याशी.

हा धक्का काय चीज आहे, ते त्यांच्या खांद्यावर वाचायला मिळे. सोमवारी जांभळा, बुधवारी हिरवा, शुक्रवारी पिवळा, की आला रविवार. वहिनींनी जुन्या साडीची चौपदरी गादी शिवून जाकिटाला आतून टाचून दिली आणि "आता दुसऱ्या खांद्यासाठी मागू नका," म्हणून बजावलं. २०१५ साली तर रायफलीवरची दुर्बीण मागे येऊन त्यांच्या कपाळावर अशी आदळली, की दोन भुवयांच्या मधोमध तांबडा अर्धचंद्र उमटला. नेमके गणपतीचे दिवस. आरतीला जमलेल्या समस्त बायकांनी "इतक्या लांब राहूनही चंद्रकोर किती रेखीव लावतात," म्हणून कौतुक केलं, आणि शेजाऱ्यांनी ते मान लववून स्वीकारलंही.

रायफल मात्र त्यांची नव्हती. ती क्लबातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. ऑपरेशननंतर त्याचा खांदा कामातून गेला होता, मुलीला बंदुकीत रस नव्हता. "पाच गोळ्या डोळे उघडे ठेवून मार, ही तुझी. नाहीतर विकून टाकतो," असं त्यानं शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून या माणसाला दुसरं काही सुचेना.

एके दिवशी म्हाताऱ्यानं गुपचूप रिकामं काडतूस भरून रायफल त्यांच्या हातात दिली. शेजाऱ्यांनी चाप ओढला. नुसतं टिक् झालं, आणि हे डोळे गच्च मिटून वीतभर मागे. सगळा क्लब हसला. म्हातारा तेवढा हसला नाही. "ती तुला मारत नाही रे, तूच आधी मार खाऊन घेतोस. मन दुसरीकडे ठेव, बोट हळूहळू दाबत राहा. गोळी कधी सुटते ते तुलासुद्धा कळता कामा नये."

शेजाऱ्यांनी मन ठेवलं एकोणतिसाच्या पाढ्यात. या पाढ्यापायी शाळेत जेवढा मार खाल्ला, तेवढा कुठलीच रायफल देऊ शकत नाही, असं त्यांचं मत. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. पाय रोवलेले, अंग पुढे झुकलेलं, गाल लाकडाला टेकलेला, ओठ पुटपुटताहेत: "एकोणतीस साते दोनशे तीन, एकोणतीस आठे..." आठेला ते अडले आणि धडाम झालं. डोळे टक्क उघडे. अशा पाच गोळ्या.

"ग्रँड," म्हातारा म्हणाला. आयरिश माणूस यापेक्षा जास्त कौतुक करत नाही.

पोलिसांकडून परवाना यायला काही महिने गेले. मग दर रविवारी शेजारी गोळ्या झाडत आणि मागे खुर्चीत म्हातारा खिचडी खात आपल्या आयरिश उच्चारांत पाढ्याला साथ देत असे. पाचाच्या पुढे त्याला कधी आला नाही.

२०१९च्या मार्चमध्ये तो दवाखान्यात दाखल झाला. त्याच आठवड्यात एका सकाळी मी शेजाऱ्यांकडे चहाला बसलो होतो. टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर त्याच्या मुलीचं नाव होतं. तिनं याआधी कधीच फोन केला नव्हता.

शेजाऱ्यांनी हात पुढे केला नाही. त्यांचा उजवा खांदा किंचित मागे गेला आणि डोळे गच्च मिटले. मग ओठ हलू लागले. पाचाला येऊन थांबले, आणि त्यांनी फोन उचलला.