विमानगुरुजींचे साठ हजार पॉइंट

परभणीत नानलपेठेत येऊन "विमानगुरुजी कुठं राहतात?" असं विचारलं, तर शेंबडं पोरसुद्धा घर दाखवील. पत्रिकेवरचं नाव श्रीराम बोरीकर, मूळ गाव बोरी, धंदा भिक्षुकीचा. आता भिक्षुकी करणारा माणूस हिंडून हिंडून किती हिंडणार? फार तर स्कुटीवर पेडगावपर्यंत. पण झालं असं, की परभणीची पोरं इंजिनियर होऊन बंगळूरला गेली, तिथं त्यांनी फ्लॅट घेतले, आणि वास्तुशांतीला त्यांना आपल्याकडचाच गुरुजी लागायला लागला. तिथले गुरुजी मंत्र उत्तम म्हणतात हो, पण होम चालू असताना मधेच थांबून "तुझा आजा लय तापट होता बरं का, पण मनाचा राजा माणूस" हे त्यांनी कुठून सांगावं? म्हणून श्रीराम गुरुजींना विमानाची तिकिटं यायला लागली. वर्षाला पंधरा-सोळा खेपा, अशी दहा-बारा वर्षं.

जाणं नांदेडहून. पहाटेची रेल्वे पकडायची, नांदेडला उतरायचं, विमानतळ गाठायचा. तिथं बंगळूरला दोन कंपन्यांची विमानं होती, एक हंसा आणि दुसरी अंबर. दोघींचं एकमेकींशी विळ्याभोपळ्याचं सख्य. हंसानं तिकीट दोनशेनं उतरवलं की अंबर तीनशेनं उतरवणार. अंबरनं पोहे दिले की हंसा उपमा देणार, वर केळं. गुरुजींची निष्ठा हंसावर. कारण हंसानं त्यांना सोनेरी कार्ड दिलं होतं. कार्डवाल्याला रांगेत पुढं घेत, पाच किलो सामान जास्तीचं चालू देत, आणि गुरुजींच्या पिशवीत तांब्याचं घडीचं होमकुंड असल्यामुळं या पाच किलोंना फार किंमत होती.

शिवाय पॉइंट. प्रत्येक खेपेला खात्यात थोडे थोडे जमा होत. साठ हजार झाले की दोन माणसांचं बंगळूरला जाणं-येणं फुकट. आणि दुसरं माणूस कोण ते गुरुजींच्या मनात पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

कावेरीकाकू. गुरुजींच्या पत्नी. पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी गुरुजी ऐटीत म्हणाले होते, "पुढच्या टायमाला तुला नेतो." काकूंनी तो शब्द धरून ठेवला, पण तोंडानं कधी काढला नाही. बॅग त्याच भरत. काट्याला अडकवून वजन करत, सात किलोच्या वर गेलं की धोतराची एक जोडी काढून घेत. कात्री कुठं ठेवायची, तुपाची बाटली कुठं चालत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. फक्त विमान तेवढं त्यांनी गच्चीवरून पाहिलेलं. गुरुजी परत आले की विचारायच्या, "नीट गेलात ना?" बस्स, एवढंच.

मागच्या श्रावणात खात्यात एकसष्ट हजार झाले. गुरुजींनी मोबाईल काकूंच्या नाकासमोर धरला. "बघ! दिवाळी झाली की आपण दोघं."

काकू म्हणाल्या, "बरं." आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या कुसुमबाईंना सांगून आल्या. कुसुमबाईंना सांगितलं म्हणजे पेठेत दवंडीच पिटली की! बायका विचारायला लागल्या, कान दुखतात का, पोटात गोळा येतो का. काकू अगदी दहा वेळा जाऊन आल्यासारख्या उत्तरं देत होत्या.

आणि तेवढ्यात हंसा आणि अंबर एक झाल्या.

ही बातमी गुरुजींना स्टेशन रोडच्या ट्रॅव्हल्सवाल्या भारतनं दिली. "गुरुजी, दोनी कंपन्या एक व्हायल्यात. तुमचे पॉइंट नव्या कंपनीत न्यायचे तर मेल आलाय बघा तुमाला. खाली 'मान्य आहे' असं बटन हाय, ते दाबा. अमावस्येपर्यंतच मुदत हाय."

"आज तिथी कोणती भारत?"

"आता तिथी मी सांगू का तुमाला?"

"प्रतिपदा. पितृपक्ष लागला," गुरुजी गंभीरपणे म्हणाले. "या पंधरवड्यात नवा करार करायचा नसतो, नवं नातं जोडायचं नसतं. मी साऱ्या गावाला सांगतो, आन् मीच दाबू का बटन?"

"आवो गुरुजी, ते मोबाईलातलं बटन हाय!"

"करार तो करारच. घटस्थापनेला सकाळी दाबतो. एका दिवसानं काय होतंय? मुदतवाढ मिळतीच."

आता यात गुरुजींचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही. परभणीत आजवर कुठली शेवटची तारीख शेवटची ठरली आहे? पीकविमा घ्या, रेशनकार्ड घ्या, कशालाही आधार जोडायचं घ्या. शेवटच्या दिवशी गर्दी होते, सर्व्हर बसतो आणि मुदतवाढ मिळते. शेवटच्या तारखेच्या आत काम उरकणाऱ्या माणसाला आपल्याकडं उतावळा समजतात. काकू तेवढ्या एकदा म्हणाल्या, "दाबून टाका की." गुरुजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घटस्थापनेला स्नान, पूजा, सगळं आटोपून, सोवळ्यातच, चांगली वेळ बघून गुरुजींनी बटन दाबलं. पडद्यावर आलं, मुदत संपली आहे.

त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार गोड आवाजात तीनदा खेद व्यक्त केला. गुरुजींनी विचारलं, "बाई, मुदतवाढ कधी जाहीर व्हायलीय?" तिला तो शब्दच कळेना.

पॉइंट गेले ते गेले, सोनेरी कार्डही गेलं. दुपारी भारतच्या दुकानात जाऊन त्यांनी रोख तिकिटाचा भाव विचारला, तर तो दुपटीहून वर! सकाळचं विमान बंद, दुपारचं एकच चालू. उपमा नाही, पोहे नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा विकत.

"असं कसं रे?" गुरुजींनी विचारलं खरं, पण उत्तर त्यांना ठाऊक होतं. बोरीहून जिंतूरला पूर्वी दोन जीपवाले होते. तेव्हा "या गुरुजी, पुढं बसा" म्हणून दोघं हात धरून ओढायचे. मग एकानं आपली जीप दुसऱ्याला विकली. त्या दिवसापासून गुरुजी मागं, दुधाच्या कॅनवर. जिथं जायला एकच गाडी, तिथं गिऱ्हाइकाला कोण विचारतो?

काकूंना सांगायचं धाडस चार दिवस झालं नाही. पाचव्या माळेला सांगितलं. काकू भगर निवडत होत्या. "असू द्या," त्या म्हणाल्या. "माझं तरी काय अडलंय विमानावाचून?" आणि पुन्हा भगर निवडायला लागल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुजींना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. दहा-बारा वर्षं बायकोनं शब्द धरून ठेवला आणि आपण तिथी बघत बसलो!

दिवाळीनंतर बंगळूरहून राजनंदिनीचा फोन आला. परभणीचीच मुलगी, तिच्या वडिलांच्या घराची वास्तुशांत गुरुजींनीच केलेली. "काका, घर झालं. तुम्हीच यायचं. तिकीट पाठवते."

आता गुरुजींचा एक नेम होता. यजमानाकडं मागायचं नाही. देईल ते घ्यायचं, मोजायचं नाही, तोंडानं आकडा काढायचा नाही. वडिलांनी मुंजीत घालून दिलेला नेम, आणि तो त्यांनी पाळला होता. फोन कानाला तसाच धरून ते घरभर दोन फेऱ्या फिरले.

"राजनंदिनी, एक मागू का?"

"मागा ना काका."

"या वेळी मला दक्षिणा देऊ नको. त्याच्याऐवजी... तुझ्या काकूचं तिकीट काढ." पाठोपाठ म्हणाले, "नसल जमत तर ऱ्हाऊ दे. लय महाग झालंय म्हणतात."

गुरुजींना वाटलं, झालं, मातेरं केलं आपण.

"काका," राजनंदिनी म्हणाली, "इथं बंगळूरला आम्हा सगळ्यांनाच दरवेळी वाटायचं, दोघांचं तिकीट काढावं. तुम्हाला आवडणार नाही म्हणून कुणी बोललं नाही. आणि दक्षिणा घ्यायचीच आहे."

गुरुजींनी फोन खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी. नुसतं मागितलं असतं तर? हे गुरुजींच्या मनात आलं, काकूंच्याही आलं असणार. काकूंनी मात्र माळ्यावरची दुसरी बॅग काढायला घेतली.

विमानात शेजारची जागा हवी तर वेगळे पैसे, हाही नव्या कंपनीचा नियम. यजमानाला आणखी खर्चात कशाला घाला, म्हणून गुरुजींनी मिळाल्या त्या जागा घेतल्या. काकू पुढं सहाव्या रांगेत खिडकीशी, गुरुजी मागं एकोणिसाव्या रांगेत, दोन धिप्पाड माणसांच्या मधे. विमान उडालं, तेव्हा काकूंचा चेहरा बघायचा म्हणून गुरुजी अर्धे उठले, तर हवाई सुंदरीनं दटावून खाली बसवलं. मान वाकडी करून करून त्यांना दिसला तो फक्त काकूंचा अंबाडा. डोकं खिडकीकडं वळलेलं होतं, आणि बंगळूर येईपर्यंत तसंच वळलेलं राहिलं.

उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ दोघं भेटले. गुरुजी विचारत सुटले, "कान दुखायलेत का? मळमळलं का? अगं बोल की काहीतरी."

काकूंचे डोळे भरून आले होते. पदरानं पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"एवढी वर्षं," त्या म्हणाल्या, "हे तुमी एकट्यानंच बघितलंत?"