गाठीत एक लाख एक्याण्णव हजार

माझ्या सासूबाईंचं नाव चंदा. गेली चौतीस वर्षं त्या मोरा बंदराच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावात उभ्या राहतात आणि उरणच्या बाजारात बसून विकतात. शाळा चौथीपर्यंत. मी मिताली, त्यांची सून. खारघरच्या एका कॉलेजात अकाउंट्सला आहे, एम.कॉम. झालेली. शिक्षण मुद्दाम सांगतेय, कारण पुढे जे घडलं त्यात माझ्या एम.कॉम.पेक्षा त्यांची चौथी भारी पडली आणि ते मला आधी कबूल करून टाकायचंय.

धक्क्यावर सासूबाईंची एक पद्धत आहे. आज बाजारात काय भाव मिळेल, बर्फाला आणि टेम्पोला किती जाईल, हे सगळं घरी चहा पितानाच धरायचं, आणि उरेल तेवढेच पैसे पदराच्या गाठीत बांधून निघायचं. बाकीचे घरी, तांदळाच्या डब्यात. लिलाव गाठीच्या वर गेला की त्या तोंड मिटून घेतात. समोर कितीही झकास सुरमई असो, कोणी कितीही डिवचो. बायका हसतात, "चंदा मुकी झाली" म्हणतात. त्या ढिम्म.

मी याच्या अगदी उलट. दोन वर्षांपूर्वी मोबाईलवरच्या एका लिलावात मी वापरलेलं कॉफीचं मशीन नऊ हजार दोनशेला घेतलं. समोरचा कोणीतरी वाढवत होता, मीही वाढवत गेले, आणि जिंकले तेव्हा घरभर नाचले. आठवड्याने खारघरच्या दुकानात तेच मशीन दिसलं. नवंकोरं, साडेआठ हजार. तेव्हापासून घरात कुठलीही उधळपट्टी झाली की सासूबाई तिला "कॉफीचं मशीन" म्हणतात.

आता मूळ दुखणं. बाजारात बारा वाजले की उरलेल्या मासळीचं काय करायचं हा प्रश्न असतो. बर्फ वितळलेला, गिऱ्हाईक जेवायला गेलेलं. नेमका तेव्हा धनेश यायचा. गावातलाच, लांबच्या नात्यातला पुतण्या. हॉटेलांना मासळी पुरवतो. पाटीभर मासळी निम्म्या भावात उचलायचा, आणि वर "काकी, तुमचंच भलं करतोय" असं ऐकवायचा. मला त्याचं ते हसणं डोक्यात जायचं. सासूबाईंना त्याहून जास्त, पण ठेवायला थंड जागा नसेल तर बाई करणार काय?

म्हणून बाजारातल्या सात जणींनी मिळून ठरवलं की मासळी थंड ठेवायचा डबा घ्यायचा. बोटीवरून फळं, मांस वगैरे येतं तो कूलिंगवाला कंटेनर, वीस फुटी, जुना. जासईच्या एका यार्डात असे जुने डबे लिलावात निघतात. मच्छीमार सोसायटीने बर्फाची बंद पडलेली शेड वापरायला दिली, तिथे विजेची तीन फेजची लाईन होतीच. सात जणींचे मिळून तीन लाख जमले. त्यापलीकडे एक रुपया नव्हता.

पण लिलाव ऑनलाईन. सासूबाईंना ते कळल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "तोंड दिसनार नाय, मग बोलायचं कोनाशी?"

"नंबर दिसतात, आई. आपण चार नंबर."

"आन् माझी गाठ त्या मोबाईलला कशी कळनार?"

मी सांगितलं की त्याचीही सोय आहे. आपली शेवटची रक्कम आधीच भरून ठेवायची. ती कोणाला दिसत नाही. समोरच्याने वाढवलं की मशीन आपल्या वतीने हजारच्या पायरीने वाढवतं आणि आपल्या रकमेला येऊन थांबतं. हे ऐकून त्या एकदम खूश झाल्या. "म्हंजे गाठ बांदूनच द्यायची. शानं हाय तुझं मशीन."

मी लगेच तीन लाख भरायला निघाले. त्यांनी माझा हात धरला. "डबा उडत येनार हाय काय जासईवरून?"

मग मी नियमांचा कागद नीट वाचला, जो आधी वाचायला हवा होता. बोलीवर लिलाव कंपनीचं दोन टक्के कमिशन, त्या सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी. क्रेन, ट्रेलर, दुरुस्ती मिळून सत्तर हजार. तीन लाखांतून सत्तर गेले, उरलेल्या दोन लाख तीस हजारांत कमिशन आणि कर बसवायचे, म्हणजे बोली एक लाख एक्याण्णव हजारांच्या वर जाता कामा नये. मी आकडा कागदावर लिहिला. सासूबाईंनी तो कागद घडी करून पदरात बांधला.

बोलीच्या आधी डबा बघायला मिळतो. आम्ही इलेक्ट्रिशियन पार्थला घेऊन गेलो. पार्थने मशीन चालवून बघितलं, ठीक म्हणाला. सासूबाई सरळ आत गेल्या आणि म्हणाल्या, "दार लावा." यार्डातला माणूस गडबडला. पण त्या अंधारात दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "खालच्या बिजागरीकडून उजेड येतोय. रबर फाटलाय. बाकी डबा चांगला हाय." बाकीचे बोलीदार बाहेरून फोटो काढून निघून गेले होते.

लिलाव मंगळवारी, अकरा ते बारा. मी अर्धी रजा टाकली. अकराला रक्कम भरली. साडेअकरापर्यंत सगळं शांत. मग सात नंबर आला आणि अकरा नंबर आला. आम्ही बोललो की सात नंबरचं उत्तर त्याच क्षणी यायचं. सासूबाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. "ह्यो सात नंबर मोजत नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो रागानं बोलतोय."

बाराला तीन मिनिटं कमी असताना पडद्यावर एक लाख ब्याण्णव हजार आले, सात नंबरचे. आमची गाठ संपली. नियम असा की शेवटच्या तीन मिनिटांत बोली लागली की वेळ आणखी तीन मिनिटं वाढतो. म्हणजे अजून संधी होती. माझा अंगठा शिवशिवला.

"आई, फक्त दोन हजार. नंतर बघू कसं करायचं ते."

"गाठीत हाय?"

"नाही, पण..."

"मग?"

मी तरीही बटणाकडे अंगठा नेला. खोटं कशाला सांगू, मी दाबणारच होते. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढला, रिकाम्या पाटीत पालथा ठेवला आणि म्हणाल्या, "कॉफीचं मशीन." मला इतका राग आला की मी त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

सात आणि अकरा नंतर चाळीस मिनिटं भांडत राहिले. डबा दोन लाख सेहेचाळीस हजारांना गेला. सात नंबर कोण ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण तो स्वतःच बाजारात सांगत फिरत होता. धनेश.

"डबा घेतला, काकी," तो म्हणाला. "आता तुमची मासळी माझ्याकडे जास्तच लागेल."

सासूबाईंनी त्याला एवढंच विचारलं, "दोन सेहेचाळीस, टॅक्स धरून?"

त्याचं हसू जरा थांबलं. टॅक्स धरून तो डबा जवळपास तीन लाखांवर गेला होता, क्रेन-ट्रेलर वेगळे. बोली लावताना त्याने फक्त अकरा नंबरला हरवायचं बघितलं होतं. सात दिवसांत पैसे भरायचे होते. तेवढ्यात त्याला कोणीतरी सांगितलं की आणखी थोडे घातले तर दुरुस्त केलेला, गॅरंटीवाला डबा मिळतो. त्याने पैसे भरले नाहीत. बोली लावायला आधी भरलेली पंचवीस हजारांची अनामत बुडाली.

पंधरा दिवसांनी तोच डबा परत लिलावात आला.

"आई, मागच्या वेळी दोन सेहेचाळीसपर्यंत गेला होता," मी म्हणाले. "इकडून तिकडून करून दोन लाख तरी भरू."

"ती त्यांच्या रागाची किंमत होती, डब्याची नाय. डब्याची तीच हाय."

गाठ सोडून तोच कागद काढला. एक लाख एक्याण्णव. पैसे न भरल्यामुळे या वेळी धनेशला बोली लावायची परवानगीच नव्हती, आणि अकरा नंबर बहुतेक दुसरीकडे घेऊन बसला असावा. दोघे-तिघे आले, थोडं वाढवून गेले. पावणेबाराला एक लाख चौसष्ट हजारांवर आमचा चार नंबर उभा राहिला तो उभाच राहिला. बारा वाजले. पडद्यावर हिरव्या अक्षरांत "यशस्वी बोलीदार" आलं. मी रडले. कॉफीचं मशीन जिंकले होते तेव्हा नाचले होते, आता रडायला आलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही. सासूबाईंनी कागद माझ्या हातात दिला. "गाठीत उरले किती ते सांग." कर धरून साडेबत्तीस हजार उरले होते. त्यात प्लास्टिकचे क्रेट आले आणि दाराला नवा रबर बसला.

डबा शेडमध्ये लागला त्या आठवड्यात मी मुद्दाम रजा घेऊन बाजारात जाऊन बसले. बारा वाजले. धनेश आला. पाट्यांत कोळंबी होती, थोडे बोंबील होते.

"पाटीला आठशे," तो नेहमीसारखा म्हणाला.

शेजारच्या चांगुणाबाईंनी क्रेट पुढे ओढला आणि शांतपणे कोळंबी भरायला घेतली. धनेश बघत राहिला.

"बरं, नऊशे."

सासूबाई बोंबील लावत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. मला धक्क्यावरची मुकी चंदा आठवली.

"हजार. अकराशे. काकी, काहीतरी बोला की."

चौदाशेला सासूबाई उठल्या, पदर झटकला आणि त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं, आता इतक्या वर्षांचं सगळं बाहेर काढतील. त्यांनी अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "धनेश, हॉटेलवाला तुला किती देतो? तुझा टेम्पो, तुझा बर्फ? आधी घरी मोज. मग उद्या ये. आमाला घाई नाय."

तो दुसऱ्या दिवशी आला. हातात कागद होता आणि त्यावर आकडे लिहिलेले होते.