आबांची दोन बोटं

मी बँकेत अधिकारी आहे, सुरतेजवळ कामरेजकडे माझा फ्लॅट आहे, आणि माझ्या लग्नाच्या बायोडाटात वडिलांच्या नावापुढे ‘कापडाचा व्यवसाय’ असं लिहिलेलं होतं. लिहिलं मीच. आबा लिंबायतच्या यंत्रमाग कारखान्यांत बीम जोडायचे. मागावरचं सूत संपत आलं की नव्या बीमचे, म्हणजे सूत गुंडाळलेल्या मोठ्या रुळाचे, हजारो धागे जुन्या धाग्यांना एकेक करून जोडावे लागतात. आबा मागाजवळ मांडी घालून बसायचे, उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर फिरवायचे, की गाठ पडलेली असायची. या दोन बोटांवर आम्ही खानदेशातून येऊन सुरतेत तगलो, मी शिकलो. आणि शिकून पहिली गोष्ट काय केली, तर त्या बोटांची लाज वाटून घेतली.

गेल्या वर्षी, अजून रोज बीम जोडायला जात होते तेव्हा, एका रविवारी ते माझ्याकडे आले होते. पोहे खाऊन निघताना शर्टाचं वरचं बटण लावायला लागले, ते लागेना. मी आधी चेष्टा केली. मग लक्षात आलं, ते अंगठ्याकडे असं बघत होते की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. तोंड वाकडं झालेलं नव्हतं, बोलणं स्पष्ट होतं, चालत होते. फक्त ती दोन बोटं ऐकत नव्हती. ‘मुंगा इ ग्यात,’ म्हणाले, आणि मुंग्या आलेला हात झटकत राहिले. मी त्यांना गाडीत घातलं आणि तासाभराच्या आत दवाखान्यात पोचवलं. एवढं एक काम मी बरोबर केलं.

तपासण्या झाल्यावर तरुण डॉक्टरने मला आबांच्या खाटेजवळच उभं करून हिंदीत समजावलं. मेंदूतली एक बारीक शीर, अगदी टोकाकडची, गुठळीने बंद झाली होती. मोठी शीर बंद झाली तर जांघेतून तार घालून गुठळी ओढून काढतात, माणूस उठून बसतो. पण इतक्या बारीक शिरेत तार घातली तर ती फाटू शकते, आणि आजवर तार घातलेल्या आणि न घातलेल्या रुग्णांची तुलना करून पाहिली तर अशा ठिकाणी तारेचा फारसा फायदा दिसलेला नाही. राहिले दोन रस्ते. एक, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते साडेचार तासांच्या आत द्यायचं, ती वेळ आपल्या हातात आहे, पण त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. दुसरा, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या. त्यात धोका कमी, पण त्या गुठळी विरघळवत नाहीत, पुढचा झटका टाळायला असतात.

‘कमजोरी थोडी असेल आणि रोजचं काम अडणार नसेल, तर आम्ही गोळ्याच देतो,’ तो म्हणाला. ‘काम अडणार असेल तर मात्र इंजेक्शनचा विचार करतो. अंकल क्या काम करते हैं?’

मी म्हणालो, ‘कपड़े का बिज़नेस है.’

विचार करून नाही म्हणालो. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून आपोआप बाहेर पडलं. ‘म्हणजे बसून, देखरेखीचं?’ त्याने विचारलं. तिथेही मला संधी होती. मी मान हलवली. रक्तस्रावाची भीतीही मनात होती, नाही असं नाही. पण मी स्वतःला फसवणार नाही. मान हलली ती लाजेने हलली. आबा छताकडे बघत पडून होते.

गोळ्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी घरी आले. आठवड्याभरात पेला धरता यायला लागला, महिन्यात सहीसुद्धा. जो तो मला म्हणायचा, थोडक्यात वाचले. आबा गोडादऱ्याच्या आपल्या खोलीत खिडकीजवळ बसून सुताचे दोन तुकडे घ्यायचे आणि जोडायला लागायचे. अंगठा बोटावर फिरायचा, पण शेवटच्या क्षणी धागा सुटायचा. पुन्हा घ्यायचे. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी दिलेला मातीचा गोळा त्यांनी एकदाही मागितला नाही, सूत मात्र रोज मागायचे. मी म्हणालो, आता आराम करा, तुम्हाला काय कमी आहे. असं बोलणं मला फार छान जमतं.

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला गेलो. डॉक्टरने हात वर धरायला सांगितले, पाय उचलायला सांगितले, वाक्य म्हणून घेतलं आणि खूश होऊन कागदावर लिहिलं, कुठलाही दोष शिल्लक नाही. तो माणूस सभ्य होता. त्याच्यावर राग काढता आला असता तर मी एव्हाना सुखात असतो. मी विचारलं, समजा एखाद्या पेशंटचं पोट बोटांच्या बारीक कामावरच असेल, तर? तो चटकन म्हणाला, ‘मग मी इंजेक्शनचं बोललो असतो. गुण आलाच असता असं नाही. पण नक्की बोललो असतो.’ आबा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांना हिंदी उत्तम कळतं.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. मी न राहवून चिडलो, आणि चिडलो कुणावर, तर त्यांच्यावर. म्हणालो, आबा, तुमची जीभ तर शाबूत होती ना त्या दिवशी, तुम्ही का नाही सांगितलं बीम जोडतो म्हणून?

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘तू बोलना ना बिझनेस शे म्हनीसन, भाऊ. मंग डॉक्टरना समोर तुले खोटा कसा पाडू? तुले मन्ही लाज वाटस, हाई माले माहीत शे.’

आवाजात राग नव्हता. मग म्हणाले, सिग्नल हिरवा झाला, गाडी काढ.