दरवानाची दुसरी खुर्ची

त्या इस्पितळात त्याला सगळे दरवान म्हणत, पण दारावर तो एक दिवसही उभा राहिला नव्हता. तो बसायचा तळमजल्याच्या टोकाला, संगणकाच्या खोलीत. पूर्वी तिथं प्रत्येक विभागाचा प्रोग्राम निराळा, पासवर्ड निराळे, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. यानं सगळ्यांसाठी मिळून एकच सेवा लिहिली. कुठल्याही विभागाच्या प्रोग्रामनं रुग्णाची नोंद मागितली, की ती सेवा आधी विचारायची, तू कोण आणि तुला हे पाहायचा हक्क आहे का? एकदा लिहिलं आणि साऱ्या इस्पितळाला पुरलं. इतकं चोख पुरलं, की त्याच्याकडे यायचं कुणाला कारणच उरलं नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण इस्पितळातही चालते.

एक कारण मात्र त्यानं जपून ठेवलं होतं. प्रत्येक विभागाच्या प्रोग्रामला एक किल्ली लागे, म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ, आणि ती दर वर्षी बदलावी लागे. त्यासाठी विभागाच्या माणसानं स्वतः यायचं, यानं चेहरा पाहायचा आणि आपल्या हातानं किल्ली द्यायची, असा त्याचा नियम. कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, "सुरक्षेचा प्रश्न आहे." पुढे कोण बोलणार?

आलेल्याला तो दुसऱ्या खुर्चीवर बसवी, चहा करी. चुटकीसरशी होणारं काम तो दुपारभर पुरवी. कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाची सासू रुसलीय, सगळं ऐकून घेई. घरी काय, एकटा जीव सदाशिव. बहिणीचा फोन आला तर आला. त्या खुर्चीवर वर्षभरात जेवढी माणसं बसत, तेवढाच त्याचा गोतावळा.

मग तो तापानं आडवा झाला, आणि नेमकी त्याच आठवड्यात औषधविभागाच्या किल्लीची मुदत संपली. नवी देणारा दुसरा कुणी नव्हताच. कुणाला कुठलं औषध सोसत नाही, हे औषधविभागाला दिसेना.

तो परत आला तेव्हा औषधविभागाच्या बाई आधीच त्या खुर्चीवर बसून होत्या.

"काका, तीन मजले जिन्यानं वर-खाली करून प्रत्येक रुग्णाला तोंडी विचारत होते मी," त्या म्हणाल्या. "एका आजींना नको ते इंजेक्शन जाणारच होतं. त्यांच्या सुनेला आठवलं म्हणून वाचल्या."

त्यानं किटली चालू केली.

"आजारी कुणीही पडतं, त्याचं काही नाही. पण माझं ओळखपत्र तुमच्या सेवेला कळतं, साहेबांची मंजुरी कळते. मग माझा चेहरा कशाला हवा होता तिला?"

सुरक्षेचा प्रश्न, हे उत्तर ओठांवर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"तिला नको होता," तो म्हणाला. "मला हवा होता."

बाईंचा राग कुठं गेला, त्यांनाच कळेना. त्यांनी चहा घेतला, संपेपर्यंत बसल्या, आणि उठताना खुर्ची नीट लावून गेल्या.

त्यानं तो नियम मोडीत काढला. आता ओळखपत्र आणि मंजुरी तपासून सेवा आपली आपणच किल्ली देते. दरवान अंथरुणाला खिळला तरी इस्पितळ अडत नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्यानंतर त्या खोलीत कुणी आलं नाही. बाई एकदा जिन्यात भेटल्या, "येते हो एकदा चहाला," म्हणाल्या, पण कामातून सवड कुणाला असते!

त्याच्या पडद्यावर विभागांची नावं आहेत. एखाद्यानं नोंद मागितली की त्याच्यापुढचा हिरवा ठिपका लुकलुकतो. परवा औषधविभागाचा लुकलुकला. खोलीत तो एकटाच होता. पायानं त्यानं दुसरी खुर्ची जराशी पुढे सारली आणि म्हणाला, "या, बसा."