भंडाऱ्यातले तीन बार आणि लिंबूपाणी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. इथले जुने मेंबर मला ओळखतातच. बँकॉकच्या बारमध्ये माकडाने ऑर्डर घेतली, गोव्यात एका रशियन पहिलवानाला मी बसल्या जागी झोपवलं आणि तो अजून मला गुरुजी म्हणून मेसेज करतो... हे किस्से माझेच. त्यातलं माकड खरं होतं. फक्त त्याने ऑर्डर घेतली नाही, शेंगदाणे पळवले. आज मात्र पदरचं काही घालणार नाही. घालायची हिंमतच नाही.

नव्या शहरात गेलं की लोक देवळं बघतात, किल्ले बघतात. मी तिथली बारची लाइन बघतो. दिवे लागल्यावर गाव कुठे जाऊन सैल होतं ते कळलं, की गाव कळलं... असं माझं तत्त्वज्ञान.

माझी सासुरवाडी कोंढा. भंडारा जिल्हा, तालुका पवनी. मी पुण्याचा, बायको सुषमा तिकडची. दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई भरते - जत्राच म्हणा, रात्रभर नाटक, घराघरात पाहुणे. आणि त्या पाहुण्यांत जावई म्हणजे साक्षात राजा. बाज टाकून बसवतात, पहिलं ताट त्याचं, आणि त्याने तोंडातून काढलेला शब्द कोणी खाली पडू देत नाही. एकदा मी नुसतं म्हणालो, "इकडे झिंगे चांगले मिळतात म्हणे," तर त्या कोळंबीसाठी अर्धं गाव तलावात उतरलं होतं. बरं, अर्धं नाही. तिघं जण.

मागच्या मंडईला दुपारीच मी कंटाळलो आणि अंगणात सगळ्यांसमोर जाहीर केलं, "विलास, चल, भंडारा दाखव मला. तिथली नाइटलाइफ बघू!"

विलास माझा मेव्हणा. सुषमाचा धाकटा भाऊ. भात पिकवणारा, सरळ माणूस, पण दारूने पार धुतलेला. लिव्हरपर्यंत गेलं होतं प्रकरण. बायको रंजना पोरीला घेऊन मोहाडीला माहेरी निघून गेली होती. सासरे - त्यांना मी मामाजी म्हणायचो - त्याच काळजीत वारले. त्यानंतर विलासने सोडली. रंजना परत आली ती एकाच अटीवर, पुन्हा थेंब जरी घेतला तर कायमची जाईन. पोळ्यापासून तो कोरडा होता. हे सगळं मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

विलास चाचरला. "भाऊजी, भंडाऱ्यात काय हाय पाहासारखं? मंडई सोडून कायले..."

आतून सासूबाईच म्हणाल्या, "जा ना रे. जवाईबापू म्हनून राहिले तं घेऊन जा."

रंजना दारात उभी होती. जावयासमोर ती काय बोलणार? तिने फक्त विलासकडे पाहिलं आणि आत गेली.

मोटारसायकलवर अड्याळमार्गे निघालो. वाटेत मी त्याला म्हणालो, "तू पिऊ नको रे बाबा, फक्त कंपनी दे." पण खरं सांगू? मनात तेव्हाच होतं, एखादी बिअर पाजूच याला. एकट्याने पिण्यात मजा नाही.

पहिला बार बसस्टँडच्या बाजूचा. फॅन असा की फिरताना पूर्ण इमारत हलते. मी एक व्हिस्की आणि विलासला न विचारता एक बिअर सांगितली. तो "भाऊजी, नाही ना" म्हणाला, पण उठला नाही. जावयाला टेबलावर सोडून उठायचं कसं?

वेटरने माझी व्हिस्की आणली. विलाससमोर ठेवलं लिंबूपाणी.

"बिअर कुठंय?"

"ते बाबाजी सांगून गेले ना, पोराले लिंबूपानी द्या म्हनून. मीठ जास्त टाकून."

मला वाटलं दुसऱ्या टेबलाची ऑर्डर. मी हसलो, वेटरच्या चष्म्यावर एक जोक मारला. विलासने मात्र ते लिंबूपाणी एका दमात संपवलं. चेहरा असा, जसा परीक्षेचा पेपरच रद्द झालाय.

दुसरा बार हायवेवरचा. एसी, निळे लाइट, मोठा टीव्ही. इथे मी वेटरला जवळ बोलावून, बोट दाखवून सांगितलं - याला बिअर, मला व्हिस्की. वेटर गेला आणि त्याच्याऐवजी मॅनेजर आला. हातात माझी व्हिस्की आणि... लिंबूपाणी.

"साहेब, तुमच्या घरचं म्हातारं मानूस दारात येऊन सांगून गेलं. आमी कसं द्यायचं?"

"कोण म्हातारं माणूस?"

"धोतरवाले, खांद्यावर पांढरा दुपट्टा. चप्पल दरवाज्यात काढून आले हो! मी म्हटलं बाबाजी, बार आहे, घालून या. तं नाही म्हने." त्याला त्याचंच हसू येत होतं. "बारमंधी चप्पल काढून येनारा मानूस मी पैल्यांदा पाह्यला."

विलासचा चेहरा पांढरा पडला. तो हळूच म्हणाला, "बाबा बँकेतही चप्पल काढूनच जात, भाऊजी."

मला माहीत होतं. मामाजी बँकेत, दवाखान्यात, तहसीलमध्ये, सगळीकडे उंबऱ्याबाहेर चप्पल काढायचे. आम्ही त्यावर हसायचो.

इथे कोणीही शहाणा माणूस उठून घरी गेला असता. मी काय केलं? मी विलासवर ओरडलो. "सेटिंग केलीस ना? बायकोने शिकवलं ना? मेलेल्या बापाच्या नावाने माझी टिंगल करतोस?" आजूबाजूचे लोक टीव्ही सोडून आमच्याकडे बघायला लागले.

"आईची आन, भाऊजी. मी कोनालेच काही नाही सांगतलं."

"दे तुझा फोन."

त्याने मुकाट्याने दिला. तो मी खिशात टाकला आणि म्हणालो, "आता तिसरा बार मी निवडणार. आणि तिथे तू पिणार."

भंडारा सोडून नागपूरच्या बाजूला निघालो. एक बार सोडला, दुसरा सोडला, मग मलाच माहीत नसताना एका ढाब्यासमोर "थांब" म्हणालो. विलासला बाहेरच्या बाजेवर बसवलं. मी स्वतः काउंटरवर गेलो. मालक गल्ल्यामागे बसलेला, जाडजूड, गळ्यात टॉवेल.

"दोन व्हिस्की. मीच नेतो."

त्याने एकच ग्लास भरला आणि पुढे सरकवला.

"दोन म्हटलं मी."

"एकच भेटन."

"काहून?" - रागात माझ्याही तोंडून तिकडचंच निघालं.

"ते बाबाजी आत्ताच हात जोडून गेले ना. म्हने, बाहेर बसला तो माहा पोरगा होय, त्याले देऊ नका. म्हातारं मानूस पाया पडाले वाकत होतं राजेहो. आता मी कसा देऊ?"

मी वळून पाहिलं. बाहेर विलास एकटाच. रस्त्यावर ट्रक. बाकी कोणी नाही.

आवाज चढवून मी म्हणालो, "आणि मी? मला कसं दिलंस मग? माझ्याबद्दल काही नाही बोलला तुझा बाबाजी?"

"बोलले ना." मालक अगदी सहज बोलला. "म्हने, ते जवाई होय. जवाई मानसाले नाही म्हनता येत नाही. त्याइले जे मांगन ते द्या."

मंडळी, मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्यात. बॉसच्या, पोलिसाच्या, त्या रशियनच्याही. पण असं कोणी मारलं नव्हतं. पोरासाठी म्हातारा अनोळखी माणसांच्या पाया पडत फिरतोय, आणि ज्याच्यापासून पोराला वाचवायचंय त्याचा मान मात्र राखतोय. मला थांबवायला त्याला तोंडच नव्हतं. जसं दुपारी रंजनाला नव्हतं.

तुम्ही विचाराल, तो ग्लास तिथेच ठेवला का? ठेवला असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. मी प्यालो. मालक बघत होता, आणि दुसरं काय करायचं ते सुचेना.

बाहेर आलो तर विलासने विचारलं, "काय म्हने, भाऊजी?"

"स्टॉक संपलाय म्हणे," मी म्हणालो. फोन परत दिला. गाडी त्यानेच चालवली.

कोंढ्याला पोचलो तेव्हा रंजना अंगणात उभी होती. विलास गाडीवरून उतरला, तिच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. तिने एक श्वास घेतला आणि तिचे खांदे खाली आले. मग ती माझ्याकडे वळली. डोक्यावरचा पदर सारखा केला, पाण्याची बादली पुढे ठेवली.

"पाय धुऊन घ्या, जवाईबापू. ताट वाढते."

पहिलं ताट माझंच होतं. मटण, आणि वर तूप सोडलेला गरम भात.

पुण्याला आल्यावर सगळ्या शक्यता तपासल्या. विलासचा फोन माझ्याकडे होता, तिसरी जागा मी ऐनवेळी निवडली होती. हायवेवरच्या बारला फोन केला, तर मॅनेजर म्हणाला, हो आले होते बाबाजी, पण दाराचा कॅमेरा तेव्हा बंदच होता. ढाब्याच्या मालकाला मी जावई आहे हे कोणी सांगितलं? कोणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा, पण चेष्टा नको.

सुषमाला यातलं अर्धंच माहीत आहे. विलासला ढाब्यावरचं ते शेवटचं वाक्य मी अजून सांगितलेलं नाही.

परवा त्याचा फोन आला होता. अजून कोरडा आहे, आवाजावरूनच कळतं. "भाऊजी, औंदाच्या मंडईले येता ना? तुम्ही म्हनान तिथं घेऊन जाईन."

मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला. जायची भीती वाटते. बाबाजी दिसतील म्हणून नाही. त्या घरात मला अजूनही कोणी "नाही" म्हणणार नाही, म्हणून.